बिनखिळ्याचं टेबल

करारातलं ते वाक्य थोरल्यानं स्वतः लिहिलं होतं, आणि त्याला त्याचा इतका अभिमान होता की गेला महिनाभर घरी येईल त्याला चहाच्या आधी ते वाक्य ऐकून घ्यावं लागे. ‘जे इमारतीला खिळ्यानं, स्क्रूनं किंवा चुन्यानं जोडलेलं आहे ते इमारतीबरोबर नव्या मंडळीकडे जाईल, जे सुटं आहे आणि माणसांना उचलता येतं ते जुन्या मंडळीबरोबर जाईल.’

“दोन पंथ आहेत,” थोरला म्हणायचा. “प्रार्थनेत नाही पटलं तरी चालेल, सामानात पटलं पाहिजे. वादाला मी जागाच ठेवलेली नाही.”

ताबा देण्याच्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत त्या वाक्यावरून सात वाद होऊन गेले होते आणि यादीचं पहिलं पान अजून उलटायचं होतं.

“घंटा सुटी आहे,” थोरला म्हणाला. “ती हुकाला लटकते. हुक भिंतीत आहे, म्हणून हुक तुमचा. घंटा आमची.”

“म्हणजे रविवारी आम्ही हुक वाजवायचा का?” जावयानं विचारलं.

थोरला जुन्या मंडळीचा चिटणीस, आणि धाकटीचा नवरा, म्हणजे या घरचा जावई, नव्या मंडळीचा चिटणीस. एकाच यादीच्या दोन प्रती घेऊन दोघं मधल्या वाटेच्या दोन बाजूंनी एकेक बाक पुढे सरकत होते, आणि धाकटी त्यांच्यामधून चालत होती. कुणाच्या बाजूनं चाललीस असं कुणी विचारू नये म्हणून ती अगदी मधोमध पाऊल टाकत होती.

जुन्या मंडळीत आता रविवारी एकोणीस माणसं यायची, त्यांतली पाच याच घरातली. छत गळायचं, भिंतींना ओल, आणि डागडुजी कुणाला झेपेना. धाकटीच्या सासरच्या पंथाकडे माणसं उदंड, पण बसायला एक भाड्याचं गोदाम. तेव्हा चर्च त्यांना द्यावं आणि आपण लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये जावं, असं एकोणीसपैकी सतरा जणांच्या मतानं ठरलं. विरोधात एक मत पडलं होतं, आणि एका माणसानं मतच दिलं नव्हतं. विरोधात कोण होतं ते कुणाला कळलं नाही. मत न देणारे बाबा होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

बाबा आत्ता पहिल्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. इस्त्रीचा कोट घातला होता. या चर्चमधले बाक आजोबांनी केले, समोरचं लांब टेबल बाबांनी केलं, आणि मधल्यानं दोन्हींची डागडुजी केली, अशी या घराची उतरती भाजणी होती. ती बाबांनीच ठरवलेली होती आणि ते ती चारचौघांत सांगायचेही.

मधला हा स्क्रूचा माणूस. दुकानांमध्ये फळ्या, कपाटं, आरसे बसवून देणं हा त्याचा धंदा. कमरेला ड्रिल मशीन, खिशात स्क्रूंची पुडी. “भोकं काय, वाळवीलाही पाडता येतात,” बाबा म्हणायचे. आणि मधल्याचा स्वभाव असा की एखादी वस्तू जरा हलली की त्याच्या जिवाची तगमग व्हायची. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत चर्चमधलं जे जे हललं ते ते त्यानं कसून टाकलं होतं. त्याची फळं आज थोरल्याच्या वाट्याला येत होती.

“छत्र्यांचा स्टँड?” थोरल्यानं यादीवरून मान वर केली.

“दोन स्क्रू,” मधला म्हणाला.

“जोडलेलं,” जावयानं खूण केली. “आमचं.”

“भजनांच्या आकड्यांची पाटी?”

“सहा.”

“एका पाटीला सहा?”

“भिंत भुसभुशीत आहे, दादा.”

“दानपेटी? नको, सांगू नकोस. तोंडावर दिसतंय.” थोरल्यानं चष्मा काढला. “अरे, तू चर्च सांभाळत होतास की जहाज? कुठलं वादळ येणार होतं?”

“स्टँड वहिनींच्या पायावर पडला तेव्हा तूच म्हणालास, याचा बंदोबस्त कर.”

“बंदोबस्त म्हणजे जन्मठेप नव्हे!”

वहिनी खिडकीपाशी पडदे उतरवत होत्या. पडदे सुटे आणि दांडे जोडलेले, हा वाद त्यांनी कुणाला न विचारता आपल्यापुरता मिटवला होता. तिथून त्या म्हणाल्या, “भाऊजींना कशाला बोलता? वाक्य तुमचं आहे.”

मधल्याचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्याचं सगळं चित्त यादीच्या अजून न उलटलेल्या दुसऱ्या पानावर, बेचाळिसाव्या ओळीवर होतं. टेबल, प्रभुभोजनाचं, नऊ फुटी, एक.

बाबांना सगळे ‘बिनखिळ्याचे मिस्त्री’ म्हणायचे ते या टेबलामुळे. खाचेत खाच बसवून, पाचरी ठोकून, लाकडी खुंट्या घालून चौदा महिने खपून त्यांनी ते केलं, आणि त्यात सुईएवढंही लोखंड नाही असं ते गेली अठ्ठेचाळीस वर्षं सांगत आले होते. त्यांतली पहिली सदतीस वर्षं ते खरं होतं. मग बाबा कंबरेचं हाड मोडून तीन आठवडे हॉस्पिटलात पडले, आणि त्या तीन आठवड्यांत मधल्यानं टेबलाच्या चारही पायांना आतल्या बाजूनं तिरकी भोकं पाडली, चार लांब स्क्रू फरशीत उतरवले, वरून लाकडी बुचं बसवून मेण घासलं. टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत यायचं, आणि बाबांचे गुडघे त्यानंतर कधी वाकले नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी मधल्यानं एका स्टुलाला एकच खिळा मारला होता. बाबांनी तो उपटून वर्षभर जेवताना त्याच्या ताटाशेजारी ठेवला. शिव्या नाहीत, मार नाही, नुसता खिळा. एका खिळ्याचं एक वर्ष, तर चार स्क्रूंचं किती, हे त्रैराशिक मधला अकरा वर्षं सोडवत होता. लग्न राहून गेलं होतं, आणि तो आणि बाबा असे दोघंच बाबांच्या जुन्या सुतारकारखान्यामागच्या दोन खोल्यांत राहत. बाबा आता चौऱ्याऐंशीचे होते. उत्तर काहीही आलं तरी बाबांच्या हयातीत ते पुरं होणार नव्हतं.

त्यानं बेत आखला होता. टेबल यादीत ‘सुटं’ म्हणून लागावं, सगळे जेवायला जावेत, आणि उद्या ट्रक यायच्या आत आपण एकट्यानं येऊन स्क्रू काढून भोकं बुजवावीत. एवढं जमलं की झालं.

“बेचाळीस,” थोरल्यानं पान उलटलं. “टेबल, प्रभुभोजनाचं. हे तरी,” त्यानं बाबांकडे पाहून आवाज चढवला, “हे तरी सुटं आहे, देवाची कृपा. आमचं.”

“सुटं,” जावई म्हणाला. “न्या.”

मधल्यानं श्वास सोडला. इतकं सोपं जाईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि तसं ते गेलंही नाही. जुन्या मंडळीच्या पाळकबाई इतका वेळ शेवटच्या बाकावर खोकी बांधत होत्या. त्या लगबगीनं आल्या आणि थोरल्याला खांबाआड घेऊन गेल्या.

“टेबल न्यायचं म्हणता, पण कुठून?” त्या कुजबुजल्या. “लाँड्रीचा जिना दोनदा वळतो.”

“वळवून नेऊ.”

“नऊ फूट वळत नाहीत हो. मी मोजपट्टी लावून आले. आणि मी एक घडीचं टेबल घेऊनही ठेवलंय. तुम्हाला सांगणारच होते.”

थोरला खांबाआडून बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. “जावईबापू,” तो गोड आवाजात म्हणाला, “आमच्या मनात आलं, की या टेबलाची शोभा इथंच आहे. तुम्हीच ठेवा. आमच्याकडून भेट समजा.”

जावई गडबडला. त्यानं नव्या मंडळीच्या फादरांकडे पाहिलं. फादर उंच, दाढीवाले, स्वभावानं गरीब. सकाळपासून समोर येईल त्याला ते मान डोलावत होते आणि चाललंय काय ते त्यांना कळलेलं नव्हतं.

“फारच मोठं मन आहे आपलं,” फादर म्हणाले. “फक्त, आमच्याकडे वेदी दगडाची असते. ती गुरुवारी येतेय. आणि ती,” त्यांनी संकोचून बोट दाखवलं, “बरोबर तिथंच बसवायची आहे.”

“म्हणून म्हणतो, न्या,” जावई घाईघाईनं म्हणाला. “तुमची वस्तू आहे. तुमच्या घरातली.”

“तुमच्याही घरातली! तुम्ही काय परके आहात?”

“छे छे, आमचा हक्क नाही.”

“हक्क कसला, प्रेम म्हणून ठेवा.”

दोघं हात जोडून एकमेकांना टेबल वाढत होते आणि दोघंही ताटावर हात आडवा धरत होते. मधला मध्येच म्हणून गेला, “राहू दे की इथंच,” कारण इथं राहिलं तर स्क्रूही राहिले. मग त्याला गुरुवारचा दगड आठवला. दगड आला की टेबल हलवणार, हलवायला गेले की... “नाहीतर नेऊया,” तो म्हणाला.

“तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस, भाऊ?” धाकटीनं विचारलं.

हे मधल्यालाही सांगता आलं नसतं.

“म्हणजे,” पहिल्या बाकावरून आवाज आला, “कुणालाच नकोय.”

बाबांचे गुडघे गेले होते, कान शाबूत होते. खांबाआडची कुजबुजही त्यांना ऐकू गेली असणार. त्यांनी काठीवरची हनुवटी उचलली नव्हती. रागावलेले दिसत नव्हते. चुकून भलत्याच घरात शिरलेला माणूस दाराकडे पाहतो तसे ते टेबलाकडे पाहत होते.

 मग सगळे एकदम बोलले.

“नकोय कसं?” थोरला म्हणाला. “आमचंच आहे ते! जिना फोडून नेईन!”

“का म्हणून?” जावई म्हणाला. “आमचा तर आग्रह आहे इथंच राहावं म्हणून. फादर, आहे ना आग्रह?”

फादरांनी मान डोलावली.

“सुटं आहे, करारात स्पष्ट आहे, आमचं!”

“अठ्ठेचाळीस वर्षं जागचं हललेलं नाही. ती काय सुटी वस्तू म्हणायची? इमारतीचाच भाग झाला तो.”

“अहो, गप्प बसा,” धाकटी नवऱ्याला म्हणाली. “बाबांचं टेबल आहे. दादा नेईल. गोदामात असताना कसले भाग नि इमारती होत्या तुमच्या?”

“जावईबापूंचं बरोबर आहे,” वहिनी पडदा घडी करत म्हणाल्या. “त्या जिन्यात ते अडकलं ना, तर आपण सगळे प्रार्थना जिन्यातच करू. मी काही हे तुमच्याबरोबर ढकलायला यायची नाही, सांगून ठेवते.”

पाच मिनिटांत दोन्ही नवरा-बायको एकमेकांविरुद्ध उभे होते आणि नणंद-भावजयी एकमेकींच्या नवऱ्यांची वकिली करत होत्या. पाळकबाई आधी नको म्हणत होत्या, आता हवं म्हणत होत्या. फादर दोन्हीला हो म्हणत होते. कोण कुठल्या पंथाचा हे बाहेरून आलेल्याला सांगता आलं नसतं, आणि आतल्यांनाही जरा विचार करावा लागला असता.

बाबांनी काठी फरशीवर आपटली.

“करारात काय लिहिलंय रे?” त्यांनी थोरल्याला विचारलं. “माणसांना उचलता आलं तर सुटं. हो ना? मग भांडता कशाला? उचला. चौघं जण घ्या. उचललं गेलं की थोरल्याचं.”

“बाबा, आत्ता कशाला,” मधला म्हणाला. “उद्या ट्रक आल्यावर—”

“उद्या मी नसेन इथं. आज बघायचंय मला ते उचललेलं. मी आणलं तेव्हाही चौघांनीच आणलं होतं.”

सामान न्यायला आलेले दोन हमाल दारात चहा पीत होते. त्यांना बोलावलं. कापड काढलं. टेबल उघडं पडलं, आणि खरं सांगायचं तर वाद घालणारी सगळीच माणसं क्षणभर नुसती पाहत राहिली. अंगावर कुठं नक्षी नाही, पण वरची फळी एका अखंड झाडाची, तळ्यासारखी सपाट. थोरल्यानं एक कोपरा धरला, जावयानं दुसरा, मागचे दोन हमालांनी.

“मी म्हणतो ‘तीन’, की एकदम,” मोठा हमाल म्हणाला. तो पिळदार माणूस होता. पियानो उचलणारा. मधल्याला दिसलं ते एवढंच, की स्क्रू तिरके आहेत, हा माणूस झटक्यानं उचलणार, आणि पाय खालून वर शेंगेसारखा उकलणार.

“एक,” हमाल म्हणाला. “दोन—”

“थांबा!”

मधला एवढ्या मोठ्यानं ओरडला की वहिनींच्या हातून पडद्याची कडी निसटून बाकाखाली घरंगळत गेली. चौघांनी हात काढले.

“उचलू नका. पाय चिरेल.” मग बाबांकडे न पाहता तो म्हणाला, “स्क्रू आहेत.”

“कशाला?” थोरल्यानं विचारलं.

“टेबलाला. चार. खाली फरशीत.”

“टेबलालासुद्धा?” थोरला ओरडला. “अरे माणसा, तू काही सोडलंस का? आम्हाला तरी सोडलंस की आम्हीही बसवलेले आहोत कुठं?”

जावयाचा हात सवयीनं पेनाकडे गेला. ‘जोडलेलं’ असं लिहायला त्यानं टोकही टेकवलं. मग बाबांचा चेहरा पाहून त्यानं पेन खिशाला लावून टाकलं.

“कधी?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा.”

“कशाला?”

“चोरी होऊ नये म्हणून.”

“नऊ फुटांचं टेबल,” बाबा म्हणाले, “खिशात घालून नेणार होता चोर?”

एक हमाल हसला आणि दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. मधला फरशीकडे पाहत उभा राहिला. वय पंचावन्न, पण उभं राहणं एकोणिसाव्या वर्षाचं.

“सांगून टाक, भाऊ,” धाकटी हळूच म्हणाली. “नाहीतर मी सांगते. पेला माझ्याच अंगावर सांडला होता.”

आता मात्र बाबांनी हनुवटी काठीवरून उचलली.

“टेबलाखालचा जाड गालिचा त्या वर्षी कुजला होता,” मधला म्हणाला. “तो काढून टाकला. त्या रविवारी पाळकबाईंनी टेबलाला हात टेकवला, आणि पेला कलंडला. सगळा द्राक्षरस हिच्या पांढऱ्या झग्यावर. लोकांना वाटलं, बाईंचाच हात लागला.”

“अकरा वर्षं मलाही तसंच वाटतंय,” पाळकबाई म्हणाल्या.

“हात नव्हता. टेबल...” त्याला शब्द सापडेना. सापडला तो उच्चारवेना. “डुगडुगत होतं, बाबा.”

मोठ्या हमालानं टेबलाजवळून हळूच पाय मागे घेतला.

“माझं टेबल?” बाबा म्हणाले.

“पाचर घातली असती तर तुम्हाला दिसली असती. स्क्रू दिसत नाहीत.”

“काढ,” बाबा म्हणाले.

मधला टेबलाखाली शिरला. बुचं उकरून काढली. पहिले तीन स्क्रू कुरकुरत का होईना, निघाले. चौथ्यानं त्याला घाम फोडला. तोवर बाबा जावयाच्या हाताच्या आधारानं उठून टेबलापर्यंत आले होते. स्क्रू फळीवर ठेवायचा धीर होईना, म्हणून मधल्यानं ते खिशात घातले.

बाबांनी एका कोपऱ्यावर तळवा ठेवून दाबलं. काही नाही. दुसऱ्यावर. काही नाही. खिडकीकडच्या मागच्या कोपऱ्यावर दाबलं, तेव्हा टेबल ‘टुक’ असं वाजलं. सोडलं तर पुन्हा ‘टुक’.

सगळ्यांना एकदम छताकडे पाहावंसं वाटलं.

“फरशी खचलीये,” थोरला ठामपणे म्हणाला. बापावर वेळ आली की थोरला पुराव्यासाठी थांबत नसे. “जुनं बांधकाम. खालून ओल. खचणारच.”

“फरशी?” जावयाचा चेहरा बदलला. सकाळपासून फरशी त्याची होती. “फरशी मुळीच खचलेली नाही. आम्ही इंजिनिअरकडून तपासून घेतलीये. छत गळतं, भिंती ओलसर, फरशी उत्तम, असं लेखी आहे.”

“तुमच्या इंजिनिअरनं रांगत जाऊन बघितलं होतं का?”

“तुमच्या टेबलाला कुणी बघितलं होतं?”

“तुमच्या टेबलाला म्हणजे कुणाच्या?” धाकटी आता भावाच्याही वर आवाज चढवून नवऱ्याला म्हणाली.

“अहो, भांडता कशाला,” वहिनी म्हणाल्या. घरातलं सगळ्यांत सरळ डोकं त्यांचंच होतं, आणि सरळ डोक्यामुळे या घरात नेहमी घोटाळेच वाढत. “हॉलवर नवी टाइल आहे. आरशासारखी. जिन्यात थोडं खरचटेल, पण नेऊन ठेवा एकदा. सरळ उभं राहिलं तर इथली फरशी वाकडी. नाही राहिलं तर... कळेलच ना. एका मिनिटाचं काम.”

“बरोबर!” थोरला म्हणाला.

“अगदी बरोबर,” जावई म्हणाला. भांडण लागल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. पाळकबाईही हो म्हणाल्या. फादरांनी मान डोलावली.

 बाबांचा तळवा अजून त्या कोपऱ्यावर होता. बोटं फळीच्या कडेवरून हलकेच मागेपुढे फिरत होती. मधल्यानं ती बोटं आयुष्यभर पाहिली होती. लाकूड घ्यायचं की नाही हे ठरवताना ती अशी फिरायची, आणि त्या वेळी बाबांशी बोलायचं नसायचं.

मग बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“मधल्या, स्क्रू मारायच्या आधी पाणसळ लावली होतीस?”

“लावली होती.”

“फरशीला?”

“फरशीला.”

“मग सांग की,” थोरला अधीरपणे म्हणाला. “ज्यानं मोजलंय तो गप्प आणि आम्ही मेलो ओरडून! फरशी की पाय?”

मधल्याला ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. टेबल बाजूला सरकवून त्यानं फरशीवर चार ठिकाणी पाणसळ ठेवली, आडवी, उभी. चारही ठिकाणी काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या ऐन मधे येऊन उभा राहिला, जरासुद्धा चळला नाही. मग त्यानं पाय मोजले होते. तीन सारखे. चौथा नखभर आखूड. चौदा महिन्यांच्या कामात शेवटच्या दिवशी करवतीचा एक हात जास्त पडला असेल. नाहीतर त्या दिवशी डोळे दमले असतील. नंतर जाड गालिच्यानं सदतीस वर्षं ते झाकून घेतलं.

आज एकदा खरं बोलून झालं होतं. त्याचं काय होणार ते अजून कळलेलं नव्हतं. बाबा त्याच्याकडे पाहत होते, आणि त्या नजरेत राग शोधूनही त्याला सापडेना. ती नजर विचारत होती. बाबांनी त्याला कामातलं काही विचारलं असेल असा एकही दिवस त्याला आठवला नाही.

“फरशी, बाबा,” मधला म्हणाला. “या बाजूला उतार आहे. बारीक आहे. डोळ्याला दिसत नाही.”

“बघा!” थोरल्यानं टाळी वाजवली. “काय म्हणत होतो मी? जावईबापू, तुमच्या इंजिनिअरला सांगा! चला, मोकळं झालं. टेबल सुटं आहे, टेबल निर्दोष आहे, टेबल हॉलवर जाईल आणि तिथं ताठ उभं राहील. घ्या रे, उचला.”

“नाही न्यायचं,” बाबा म्हणाले.

थोरला वाकलेला होता तसाच राहिला. “काय?”

“इथं राहील.”

“अहो पण बाबा, फरशीचाच दोष आहे! मग तर न्यायलाच पाहिजे. तिथं डुगडुगणारच नाही. इथं डुगडुगतं, तर इथं ठेवायचं, आणि तिथं—” तो थांबला, सगळं वाक्य त्यानं मनात पुन्हा एकदा जुळवून पाहिलं, आणि ते बरोबरच निघालं. त्यामुळे तो अधिकच चक्रावला. “मला काही कळेनासं झालंय.”

“स्क्रूनं जोडलंय ना? मग इमारतीबरोबर. वाक्य तुझंच.”

“स्क्रू काढलेत आता!”

“परत बसतील.”

“बाबा, तुम्ही? तुम्ही स्क्रू म्हणताय?”

वहिनींनी तोंड उघडलं होतं, हॉलच्या टाइलबद्दल आणखी काहीतरी सांगायला. धाकटीनं त्यांच्या हातातला पडदा ओढून घेतला आणि “वहिनी, ही घडी चुकली बघा,” असं म्हणत त्यांना खिडकीकडे वळवलं. घडी काही चुकली नव्हती.

“म्हणजे ते आमचं झालं का?” फादरांनी दबकत विचारलं.

“झालं,” बाबा म्हणाले.

“आणि गुरुवारचा दगड?”

“मागं घ्या थोडा. टेबल हलवायचं नाही. कधीच. एवढं सांगा तुमच्या लोकांना.”

फादरांनी टेबलामागची जागा पावलांनी मोजली, दाढी कुरवाळली, पुन्हा मोजली. “बसेल,” ते म्हणाले. “बहुतेक बसेल.” जावयानं पेन काढलं आणि बेचाळिसाव्या ओळीतलं ‘सुटं’ खोडून वर बारीक अक्षरात ‘जोडलेलं’ लिहिलं. थोरल्यानं आपल्या प्रतीवर ते करायला नकार दिला, मग केलं, आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

मधला टेबलाखाली शिरला. खिशातले चार स्क्रू फरशीवर ओळीनं मांडले. तीन पाय सहज बसले. उरला खिडकीकडचा मागचा. त्यानं स्क्रू भोकात धरला, पण पाय अधांतरी होता, नखभर वर. धरायला तिसरा हात असता तर बरं झालं असतं. कुणाला हाक मारावी या विचारात तो असताना वर पावलं वाजली. त्यानं खालून पाहिलं. काठी शेजारच्या बाकाला टेकवलेली दिसली आणि बाबांचे बूट दिसले, टाचा किंचित उचललेल्या. दोन्ही तळव्यांवर अंगाचा सगळा भार टाकून ते त्या कोपऱ्यावर ओणवे झाले होते. पाय खाली आला आणि फरशीला टेकला.

“दाबून धरलंय मी,” वरून बाबा म्हणाले. “कस आता.”